दातांतला पेचकस

केवळरामांनी पेचकसाची लाकडी मूठ दातांत धरली, त्याचं टोक चालू इंजिनाच्या पंपावर टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

“काकाजी, गाडी खाऊन टाकता का?” लोकेंद्र मागून हसला. “सगळे मिस्त्री कानाला लावतात, तुम्ही दाताला!”

केवळराम काही बोलले नाहीत. तोंडात मूठ आहे, बोलतील कसे, असं लोकेंद्रला वाटलं असणार. दुकान आणि घर यांच्या मधल्या उंबऱ्यात, दहा महिन्यांच्या रिंकूला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या रंजिताला मात्र खरं कारण ठाऊक होतं. सासऱ्यांना ते ऐकूच आलं नव्हतं.

आमगावातलं, देवरी रस्त्यावरचं हे डिझेल पंपाचं दुकान तीस वर्षांचं. ट्रॅक्टर असो, धान मळायचं यंत्र असो, की राइस मिलचा जनरेटर, ज्याचं इंजिन धूर ओकू लागलं त्याचा पंप उतरून केवळरामांच्या बेंचवर यायचा. पण गुरुवारी लोकेंद्रनं ट्रकमधून उतरवून दाराशी उभी केली तसली वस्तू या दुकानानं कधी पाहिली नव्हती. एकाहत्तर सालची जर्मन स्पोर्ट्स कार. बुटकी, बेडकासारखी दबून बसलेली, पिकल्या संत्र्याच्या रंगाची. इंजिन पुढे नाही, पाठीमागे. गोंदियाला लोकेंद्रच्या घरची राइस मिल, आणि ही त्याच्या वडिलांची हौस. वडील अंथरुणाला खिळले तशी अकरा वर्षं ताडपत्रीखाली होती.

“नागपूरवाल्यानं हात जोडले, काकाजी,” तो म्हणाला होता. “बोलला, आता सगळं कॉम्प्युटरवर चालते, हे पंपवालं पेट्रोल इंजिन कोण खोलणार? मी बोललो, पंपच आहे ना? मग आमच्याकडे एक बुढा आहे.”

केवळरामांनी मागचं झाकण उचललं होतं. पंपातून निघून सहा दिशांना गेलेल्या सहा बारीक नळ्यांवरून बोट फिरवलं होतं आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

“हा तं आपलाच भाऊ हाय. डिझेलचाच पंप. फक्त पेट्रोल पिऊन राहिला.”

तिथंच चूक झाली. डिझेल इंजिन हवा पाहिजे तेवढी ओढतं. मिस्त्रीनं फक्त डिझेल कमीजास्त करायचं. गाडी चढावर दम टाकते असं कळल्यावर केवळरामांनी ट्रॅक्टरला देतात तसं तिला थोडं जास्त दिलं, तर असा काळा धूर निघाला की समोरच्या टपरीतल्या उदारामनं दुधाच्या पातेल्यावर झाकण टाकलं. कमी केलं, तर ती उचक्या देत बंद पडू लागली. दोन दिवस हेच चाललं होतं. आज शनिवार, आणि लोकेंद्र सकाळपासून खुर्ची टाकून बसला होता.

रंजिताचाही आजचाच दिवस होता.

सोमवारी तिला सालेकशाच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. बी.एस्सी., मग लॅबचा डिप्लोमा, मग तीन वर्षं अर्जांवर अर्ज. नवरा संघदीप रायपूरच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी एकदा घरी. सासू रुक्माबाई रिंकूच्या जन्माआधीच गेल्या. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी केवळरामांनी ती दोनदा वाचली, घडी करून परत दिली आणि म्हणाले, “जा ना मग. मी हाय ना. दुकानातच तं बसून राहतो दिवसभर. पोरगी झोळीत, मी मधल्या खिडकीच्या इकडं.”

विश्वास ठेवावा असं तिला फार वाटलं होतं. पण रंजिताची नजर फुकट जाणारी नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायला शिकलेली बाई ती. घरातही तिचं मोजणं थांबत नसे. रिंकूचे श्वास, रिंकूची शी, रिंकूच्या कपाळाची ऊब. दोन आठवड्यांपूर्वी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि केवळराम शेजारीच पेपर वाचत बसले होते. मग तिला एकेक दिसत गेलं. गिऱ्हाईक आलं की ते त्याला उजेडाकडे तोंड करून बसवत. मागून कुणी बोललं की नुसते हसत. एकदा तिनं, स्वतःचीच लाज वाटत असताना, त्यांच्या पाठीमागे स्टीलची परात खाली सोडली. रिंकू दचकली. ते दचकले नाहीत.

आणि गुरुवारी जे व्हायचं ते झालं. कागदांच्या झेरॉक्स काढायला ती गेली होती, पंधरा मिनिटांसाठी. परतताना उदारामच्या टपरीपासूनच तिला रिंकू ऐकू आली. धावत आत शिरली तर पोर झोळीत लालबुंद, रडून रडून आवाज बसलेला. आणि भिंतीच्या पलीकडे, दहा हातांवर, केवळराम शांतपणे नोझल पुसत बसलेले.

तिनं आईला फोन लावला.

“रविवारी ये, आई. रिंकूला घेऊन जा.”

“मी तं केव्हाची म्हणून राहिली,” सावित्रीबाई तिकडून म्हणाल्या. माहेर बोदलकसाला, तिरोड्याच्याही पलीकडे. म्हणजे आठवड्यातून एक दिवस लेक दिसणार. “अन् दुधाचं नोको टेन्शन घेऊ. सुटते आपोआप.”

आपोआप. फोन ठेवून तिनं रिंकूला छातीशी घेतलं होतं. उद्या आई येणार होती आणि केवळरामांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“बंद करा,” केवळरामांनी हात हलवला. लोकेंद्रनं चावी फिरवली. इंजिन खोकून थांबलं.

त्यांनी पेचकस ठेवला. मग पालथा हात इंजिनावर ठेवत ठेवत पुढे नेला. तापलेल्या लेकराचं अंग पाहतात तसा. इथं, इथं, मग पंपावर, मग पंपाच्या मागच्या अंगाला बसवलेल्या मुठीएवढ्या डबीवर. तिथं हात थांबला.

“रंजिता, इकडं ये, बाई. हात लाव.”

ती पुढे झाली. रिंकूला सावरून दुसऱ्या हातानं तिनं डबीला स्पर्श केला.

“थंड आहे, मामाजी.”

“अन् हे?”

“आई गं! भाजतंय.”

“अर्धा तास चालू हाय गाडी. मग हे थंडं काऊन?” ते तिला विचारत नव्हते. वाकून त्यांनी डबीच्या बुडाशी बोट घातलं, मग सायलेन्सरच्या नळीजवळ. दोन्हीकडे एकेक भोक. मध्ये काही नाही. ते बराच वेळ त्या काही नसलेल्या जागेकडे पाहत राहिले.

“काय झालं काकाजी?” लोकेंद्र उठून समोर आला.

“इथं एक पाइप होता. गरम हवा इथून तिथं न्यायचा. या डबीत चकत्या रायतात, गरमीनं फुगतात. फुगल्या का पंप समजते, इंजिन तापलं, आता पेट्रोल कमी द्या.” त्यांनी मान हलवली. “पाइप उंदरानं खाल्ला असंल ताडपत्रीखाली. पंपाची चुकी नाई, लोकेंद्रभाऊ. त्याले कोनी सांगतलंच नाई. तो आपला थंडीचंच पेट्रोल देऊन राहिला. अन् आपन दोन दिवस त्यालेच शिव्या देऊन राहिलो.”

“म्हणजे गाडी थंड आहे समजून पाजत बसला?”

“मंग काय! आपल्या रिंकूसारखं.” केवळरामांनी नातीकडे पाहून डोळे मिचकावले. “भर दुपारी स्वेटर.”

लोकेंद्र मोठ्यानं हसला. रंजितानं खाली पाहिलं. माघाची दुपार, ऊन चांगलं तापलेलं, रिंकूच्या मानेवर घामाचे बारीक मणी. तिनं वरची दोन बटणं सोडली.

दुकानाच्या कोपऱ्यातल्या ढिगातून केवळरामांनी कुठल्याशा ट्रॅक्टरचा लवचीक लोखंडी पाइप शोधून काढला, वीतभर कापला, दोन्हीकडे पट्ट्या आवळून बसवला. गाडी सुरू झाली. दहा मिनिटांनी त्यांनी डबीला हात लावला आणि मान डोलावली. काळा धूर विरळ होत होत नाहीसा झाला. पण आता इंजिन फटफट करू लागलं, मध्येच एखादा श्वास चुकल्यासारखं.

“हे अजून काय?” लोकेंद्रचा चेहरा पडला.

“आता उपाशी हाय. पाइप नव्हता म्हणून ताडपत्री काढल्यावर गोंदियाच्या मिस्त्र्यायनं पेट्रोल कापत नेलं, काल मी बी कापलं. आता तेवढं तिले वापस द्या लागंल. पन भाऊ, ही डिझेल नाई. हवा एवढी तं पेट्रोल एवढंच. एक दाना इकडं नाई का तिकडं नाई.”

“मग फिरवा ना. गाडी चालूच आहे, लगेच समजेल.”

“चालू गाडीत पेचकस घातला तं आतलं फिरतं चाक तोडून फेकते त्याले. बंद करायचं, फिरवायचं, मंग चालू करून पाहायचं. दरवेळी.”

रंजिता आत जायला वळली होती. भात टाकायचा होता, आणि त्याआधी सांगायचं कसं ते ठरवायचं होतं. पण तिचे पाय उंबऱ्यातच राहिले.

पंपाच्या पाठीमागे एक भोक होतं, करंगळी जाईल न जाईल एवढं. केवळरामांनी लांब, बारीक पेचकस त्यात सरकवला. आतली खाच दिसण्याची सोयच नव्हती. त्यांनी पाहिलंही नाही. मान वळवून ते रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून कचारगडच्या जत्रेला निघालेली एक जीप पिवळे झेंडे फडकवत, ढोल बडवत गेली. त्यांच्या डोळ्यांत जीपही नव्हती. त्यांचं सगळं लक्ष चिमटीत उतरलं होतं. पेचकस आत किंचित दबला, कुठंतरी बसला, आणि ते म्हणाले, “सापडला.”

मग त्यांनी मनगट फिरवलं. फिरवलं असं म्हणायचं एवढंच. रंजिताला ते हललेलं दिसलंही नाही.

“एक.”

आत स्प्रिंगवर बसलेली बारीक गोळी एका खाचेतून पुढच्या खाचेत पडते. तेव्हा बोटांना जे लागतं त्याला केवळराम दाणा म्हणत. पुढचा दाणा म्हणजे सहाही नळ्यांना किंचित जास्त पेट्रोल, मागचा दाणा म्हणजे किंचित कमी. रंजिता दोन पावलांवर उभी होती, तिचे कान धडधाकट होते आणि तिनं श्वासही रोखून धरला होता. तिला काही ऐकू आलं नाही.

“दोन. तीन.” जमिनीवर खडूनं तीन रेघा ओढून ते बाजूला झाले. “चालू करा.”

पेचकसाची मूठ पुन्हा दातांत. डोळे मिटलेले. कपाळाची शीर ताठ. इंजिनाचा थरार लोखंडातून लाकडात, लाकडातून दातांत, दातांतून त्यांच्या डोक्याच्या हाडांत शिरत असणार. त्यांनी हात वर केला. बंद. “दोन अजून.” पेचकस आत, नजर रस्त्यावर, चिमटी. दोन रेघा. चालू. दात. बंद.

असं किती वेळा झालं, रंजितानं मोजलं नाही. मोजायचं राहून गेलं ही गोष्टसुद्धा तिला नंतर आठवली. लोकेंद्रची बडबड केव्हाच थांबली होती. उदाराम चहा ठेवून गेला, गेला नाही, तिथंच उभा राहिला. एकदा केवळरामांनी सहाही प्लग काढून पेपरवर ओळीनं मांडले आणि म्हणाले, “तुही नजर बारीक हाय. रंग सांग.”

ती उकिडवी बसली. “पहिले तीन चहासारखे. दुधाच्या चहासारखे. चौथा पण. पाचवा जरा पांढुरका, सहावा तसाच.”

“पांढुरका म्हंजे अजून भूक हाय.” ते समाधानानं हसले. “एकच दाना. जास्त नाई.”

एकच दाणा. रेघ. प्लग परत आपापल्या जागी. “चालू करा, भाऊ.”

आधी काही वेगळं वाटलं नाही. सहा जणांनी आपापल्या चालीनं चालावं तशी खडखड, धडधड. मग इंजिन तापत गेलं, पाइपातली ऊब डबीत पोचली असावी, आणि एकेक चाल दुसरीत मिसळत गेली. लहानपणी रंजितानं बोदलकसाला एकाच उखळात बायकांची मुसळं पडताना पाहिली होती. एकीचं वर, एकीचं खाली, कुठं कुणाचं कुणाला लागत नाही, आणि सगळ्यांचा मिळून एकच घुमारा. तो तिला आठवला आणि लगेच विसरला गेला, कारण हे त्याहून मोठं होतं. आवाज गाडीतून येत नव्हता. तो दुकानाच्या पत्र्यात होता, उंबऱ्याच्या लाकडात होता, तिच्या पायांच्या तळव्यांतून वर चढत होता. गाडीच्या टपावर लोकेंद्रचा पाण्याचा पेला ठेवलेला होता. सकाळपासून त्यातलं पाणी डचमळत होतं. आता त्यावर बारीक, एकात एक वर्तुळं उमटून जागच्या जागी थिजल्यासारखी उभी राहिली होती. सुतानं आखल्यासारखी.

रिंकूनं अंगठा तोंडातून काढला. कडेवरून वाकून तिनं आपला ओला पंजा गाडीच्या केशरी पत्र्यावर ठेवला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. रडण्यासाठी नाही, हसण्यासाठीही नाही. ती सगळ्या अंगानं ऐकत होती.

केवळरामांनी पेचकस तोंडातून काढून बाहीला पुसला. तेव्हा रंजिताला ती मूठ जवळून दिसली. लाकडावर दातांचे खळगे होते. आजचे ताजे पाचसात, आणि त्यांच्याखाली जुने, काळे पडलेले, झिजून गुळगुळीत झालेले, कितीतरी. म्हणजे हे काल-परवाचं नव्हतं. वर्षानुवर्षं हा माणूस असाच ऐकत आला होता, आणि या रस्त्यावरून सगळ्या तालुक्याचे ट्रॅक्टर बरे होऊन गेले होते.



“काकाजी,” लोकेंद्रचा आवाज बारीक झाला होता. “बाबूजी सांगायचे असा आवाज. मी समजत होतो, बुढापे में बढ़ाके सांगून राहिले.”

केवळरामांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. “देवरीकडं मारून आना एक चक्कर. चढावर रेस द्या. भिऊ नोका.”

गाडी गेली. तिच्या मागे उरलेली शांतता कितीतरी वेळ गाडीच्याच आकाराची होती.

रिंकू कडेवरच झोपली. रंजितानं तिला आत नेलं, स्वेटर काढला, झोळीत निजवलं आणि नव्या दोरीनं दोन झोके दिले. आता सांगायलाच हवं होतं. समोर बसून, तोंडाकडे तोंड करून, सावकाश. मामाजी, उद्या आई येते आहे. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण.

ती खिडकीशी आली.

खिडकीच्या पलीकडे, तिच्याकडे पाठ करून, केवळराम आपल्या बुटक्या स्टुलावर बसले होते. मांडीवर एक नोझल, हातात फडकं. उजवा पाय दुमडलेला. डावा मात्र मागे वळवून खिडकीखाली आणलेला, अवघडलेला; तसं बसायला कुणालाही त्रासच झाला असता. ती पाहत राहिली. नोझल पुसता पुसता मध्येच त्यांच्या पायाचा अंगठा वर व्हायचा, किंचित वाकायचा, हवेत काहीतरी चाचपडायचा आणि खाली यायचा. थोड्या वेळानं पुन्हा.

अंगठ्याच्या मुळाशी एक वळ होता. सगळा पाय ग्रीसनं काळवंडलेला, तेवढंच एक गोल कडं उजळ.

दोरीचं कडं.

बुधवारी तिनं घर आवरलं होतं. रविवारी आई येणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं, नुसतंच नोकरीआधीचं आवरणं. झोळीपासून खिडकीतून थेट दुकानापर्यंत गेलेली ती तेलकट, काळी सुती दोरी तिच्या डोळ्यांत महिनोन्‌महिने खुपत होती. लेकराच्या झोळीला हे असलं! टोकाचा फास मामाजी पायाच्या अंगठ्यात अडकवायचे. बसल्या बसल्या झोका देतात, तिला वाटायचं. तिनं ती सोडली, सोड्यात उकळली, मागच्या तारेवर वाळत टाकली, आणि झोळीला हातभर लांबीची नवी स्वच्छ दोरी बांधली. केवळरामांनी पाहिलं. खिडकीकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. “चांगली केली,” म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत. म्हणायचं तर मग सगळंच म्हणावं लागलं असतं.

झोका? तिनं डोळे मिटून आठवून पाहिलं. त्या दोरीनं झोळी कधी झुलताना तिनं पाहिलीच नव्हती. दोरी नेहमी ताणलेली असायची. ताणलेली आणि स्तब्ध. आणि ती न्हाणीतून ओल्या केसांनी धावत यायची तेव्हा रिंकू आधीच आज्याच्या खांद्यावर असायची. डोळे नुकते उघडलेले, रडणं अजून सुरूही न झालेलं. दरवेळी तिला वाटायचं, योगायोग. बरं झालं, मामाजी इथंच होते.

त्याले कोनी सांगतलंच नाई.

रंजिता मागच्या दारी गेली. तारेवर दोरी उन्हानं कडक होऊन पडली होती. उकळूनही काळेपणा सगळा गेलेला नव्हता. फास तसाच होता, गाठ सुटलेली नव्हती. तिनं आत येऊन नवी दोरी सोडली, जुनी झोळीच्या कडीला बांधली, दोनदा ओढून पाहिली, मग टोक खिडकीच्या गजांमधून पलीकडे सोडलं.

फास त्यांच्या टाचेजवळ पडला. केवळरामांचे हात थांबले. त्यांनी खाली पाहिलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. अंगठा वर झाला, वाकला, चाचपडला, आणि फासात शिरला. मग नोझल पुसणं पुन्हा सुरू झालं.

बाहेरून तेवढ्यात लोकेंद्रची गाडी आली. देवरीच्या चढावरून, दुरून, तोच एकसंध घुमारा घेऊन ती येत होती आणि दाराशी येऊन तशीच, बंद न करता, उभी राहिली. पत्रा गुणगुणू लागला. लोकेंद्र खिडकीतून ओरडून काहीतरी सांगत होता. उदाराम, रस्त्यावरची दोन पोरं, कुणी तरी टाळ्या वाजवत होतं. त्या आवाजात भिंतीच्या अलीकडे एखादं लेकरू कितीही रडलं असतं तरी धडधाकट कानांनाही कळलं नसतं.

रंजिता झोळीजवळ उभी राहिली. रिंकू गाढ झोपलेली होती. तिनं दोरी चिमटीत धरली. जोरात ओढणार होती, मग थांबली. नजर खिडकीबाहेर, रस्त्याकडे वळवली, आणि झोपेत कूस बदलताना रिंकू जेवढी हलवेल तेवढीच ती हलवली.

एक दाणा.

मधल्या उंबऱ्यात केवळराम उभे होते. ग्रीसनं माखलेले हात लेकराला लागू नयेत म्हणून दोन्हीकडे वर धरलेले, अंगठ्यातून सुटलेला फास मागे जमिनीवर. मागे गाडी घुमत होती, लोक बोलत होते.

“उठली का?”

मग त्यांना झोपलेली रिंकू दिसली. रंजिताची चिमटी दिसली. चिमटीतली दोरी दिसली. वर धरलेले हात हळूहळू खाली आले आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना.

रंजिता चार पावलं चालून त्यांच्या समोर आली. उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली.

केवळरामांनी घसा साफ केला.

“सोमवारची गाडी किती वाजताची हाय तुही?”

“आठ वीस,” ती सावकाश म्हणाली.

त्यांनी मान हलवली. वळले. दोन पावलं गेले आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, “रस्सी थोडी लांब ठेवजो, बाई. सकाळी मी बेंचापाशी बसतो.”